तळ बोटाला कळतो: बीव्हर लेकवर जिगचं एक वर्ष

मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी मासेमारीच्या टॅकल बॉक्समधली सगळी आमिषं काढली आणि गॅरेजमधल्या वरच्या फळीवर ठेवून दिली. क्रँकबेट, स्पिनरबेट, प्लॅस्टिकचे किडे, सगळं. बॉक्समध्ये राहिल्या त्या फक्त जिग, म्हणजे तळावरून ओढायची जड डोक्याची आमिषं. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बॅस हा गोड्या पाण्यातला मासा धरायचा तो जिगनंच, असं ठरवलं होतं.

हे ठरलं शेजारच्या आजोबांमुळे. मी त्यांना हाक मारतो ती इथल्या रीतीप्रमाणे नावानं, पण मनात ते आजोबाच. वय सत्तरीच्या पुढचं. धरणाचं पाणी चढत होतं तेव्हा ते शाळेत होते, कुठलं शेत आणि कुठला रस्ता पाण्याखाली गेला हे त्यांना आठवतं. एकदा त्यांच्या बोटीत दिवसभर बसून मी सहा मासे धरले, त्यांनी चार. परत येताना ते म्हणाले, "तुला मासे लागतात, पण खाली काय आहे ते तुला ठाऊक नाही. एक वर्ष नुसती जिग टाक. हरवतील पुष्कळ. टाकत राहा."

मी आर्कन्सॉ राज्यात बेंटनव्हिलला राहतो. वॉलमार्टचं मुख्यालय इथं असल्यामुळे कामानिमित्त आलेली मराठी घरंही बरीच आहेत. घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर बीव्हर लेक. व्हाइट नदीवर १९६६ साली पुरं झालेलं धरण, अठ्ठावीस हजार एकरांच्या आसपास पाणी, चुनखडीचे उभे कडे आणि बुडालेल्या दऱ्यांत शिरलेले लांब फाटे. या भागातल्या नळांना पाणी याच तलावातून येतं. मी मूळचा इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या फुगवट्याकाठचा. धरणाचं पाणी आम्हाला घरचंच. लहानपणी बांबूची काठी, गळाला गांडूळ, वर तरंगायला चपलेच्या रबराचा तुकडा, आणि त्याला लागायच्या चिलापी. त्या मासेमारीत डोळे वर पाण्यावर असायचे. रबर बुडालं की ओढायचं.

जिगमध्ये वर बघायला काहीच नसतं. तळहातावर घेतली तर ही वस्तू फार साधी दिसते. शिशाचं किंवा टंगस्टनचं छोटं डोकं, त्यात ओतून बसवलेला जाडजूड गळ, गळ्याभोवती सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचा घागरा. डोक्यातून गळाच्या टोकाकडे झुकलेला राठ केसांचा एक झुबका असतो. लाकूडफाट्यातून ओढताना गळ अडकू नये म्हणून तो. गळाच्या मागे मऊ प्लॅस्टिकची दोन नांग्यांची शेपटी लावायची, तिला ट्रेलर म्हणतात. एवढं सगळं मिळून तळावर चालणाऱ्या क्रॉफिशसारखं दिसतं. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा जीव, कोळंबीच्या अंगाचा आणि खेकड्याच्या स्वभावाचा. ओझार्क या डोंगराळ भागातल्या खडकाळ तलावांत बॅसचं ते आवडतं खाणं.

दुकानातून आणलेली जिग तशीच बांधू नये, हे मला आजोबांनी पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिकवलं. राठ केसांचा झुबका मूळचा फार ताठ असतो. त्यातले निम्मे केस त्यांनी नखकापणीनं मुळापासून छाटले आणि उरलेले पंख्यासारखे पसरवले. मग घागरा डोक्याच्या बाजूनं आखूड कापला, म्हणजे पट्ट्या पाण्यात फुलारून उभ्या राहतात. ट्रेलरचा पुढचा इंचभर तुकडा चावून तोडला. "थंडीत लहान घास," म्हणाले. दोरी फ्लुओरोकार्बनची, पंधरा पाऊंडांचा ताण सोसणारी, गाठ पालोमार नावाची. गाठ आवळण्याआधी दोरी जिभेवर ओली करायची, नाहीतर घर्षणानं ती तिथंच भाजते आणि पुढं नेमक्या वेळी तुटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी सतरा जिग घालवल्या आणि तीन मासे धरले. हे आकडे वहीत आहेत. तारीख, पाण्याचं तापमान, कुठं, काय रंग, तळ कसा, एवढं दर खेपेला लिहायचं असं ठरवलं होतं. पहिल्या दोन महिन्यांत 'तळ कसा' या रकान्यात मी जवळजवळ प्रत्येक वेळी 'दगड' लिहिलंय. मला तेवढंच कळत होतं.

हिवाळा लागला तशी बायकोनं अट घातली, पाणी पन्नास अंश फॅरनहाइटखाली (म्हणजे दहा सेल्सिअसखाली) असताना कयाक, म्हणजे माझी वल्ह्याची छोटी होडी, काढायची नाही. ती बरोबरच होती. तसल्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात, लाइफ जॅकेट असलं तरी. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी मी काठावरूनच टाकत होतो, जिथं कडा सरळ पाण्यात उतरतो आणि चार पावलांवर वीस फूट खोली मिळते अशा जागी. सकाळी रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरायचा. दर सात-आठ फेकींनंतर रॉडचं टोक पाण्यात बुडवून तो विरघळवावा लागे.

हिवाळ्यातली जिग हलकी, तीन अष्टमांश औंस, म्हणजे दहा-साडेदहा ग्रॅम. घागरा लहान, रंग काळपट तपकिरी, ट्रेलर फार न वळवळणारा. बॅस थंड रक्ताचा. पाणी चव्वेचाळीस अंश फॅरनहाइटवर आलं की त्याचं पचन मंदावतं, तो फार हलत नाही आणि खाण्यासाठी लांब जात नाही. जिग त्याच्या तोंडापुढून हळू न्यायची. आणि हळू म्हणजे किती, ते मला वाटत होतं त्याहून कितीतरी हळू. रॉड एका बाजूला वीतभर ओढायचा, थांबायचं, सैल दोरी गुंडाळायची, पुन्हा थांबायचं. एक फेक परत यायला पाच-पाच मिनिटं लागत.

त्या थंडीत मला पहिल्यांदा दगडांतला फरक कळायला लागला. डोळ्यांना काम नव्हतं, म्हणून मी उजव्या हाताची तर्जनी रीळच्या पुढे दोरीखाली ठेवून उभा राहायचो. बारीक खडी असली की बोटाला कुरकुर जाणवते, खडबडीत कागदावरून नख फिरवल्यासारखी. नारळाएवढे धोंडे असले की ठक, मग मोकळं, मग ठक. चिखल असला तर काहीच येत नाही, फक्त ओढ जड होते आणि सुटताना मऊ सुटते. लाकूड अगदी वेगळं. जिग फांदीवर चढताना दोरी हळूहळू ताणत जाते, थोडी लवचीक वाटते, आणि पलीकडे उतरताना क्षणभर वजनच नाहीसं होतं. हे ओळखू यायला मला पाच-सहा आठवडे लागले. त्यानंतर वहीतल्या त्या रकान्यात ओळीच्या ओळी यायला लागल्या.

मासा कसा लागतो, तेही तेव्हाच समजलं. बॅस आमिषाला चावत नाही. तो गालफडं पसरून तोंड उघडतो, पाण्याबरोबर आमिष आत ओढलं जातं, आणि पसंत पडलं नाही तर तितक्याच झटपट बाहेर फेकलं जातं. म्हणून दरवेळी झटका बसत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी, सव्वानऊच्या सुमाराला, जिग धोंड्यांवरून ठक-ठक येत होती आणि मधेच तिचा आवाज बंद झाला. दोरीच्या टोकाला ओलं फडकं लटकलंय असं वाटलं. तिथं चिखल असायला नको होता, कारण तीच रेघ मी त्या सकाळी चार वेळा ओढली होती. मी सैल दोरी गुंडाळली आणि रॉड उचलला. अडीच पाऊंडांचा स्पॉटेड बॅस होता. हाताला तो तलावाइतकाच गार लागला. त्याला सोडल्यावर मी बराच वेळ नुसता उभा होतो. तिथं असायला नको असलेली गोष्ट बोटाला कळली होती, आणि ती कळली म्हणून मासा मिळाला होता.

मार्चविषयी मी कितीही लिहू शकेन. महिना सुरू होताना पाणी अठ्ठेचाळीस होतं, मध्यावर एकावन्न-बावन्न. इथं वसंताची पहिली खूण म्हणजे रेडबडचं झाड. पान नसलेल्या काळ्या फांद्यांवर थेट जांभळट गुलाबी फूल येतं. मला दरवर्षी आमच्याकडचा फाल्गुनातला पळस आठवतो, रंग वेगळा असला तरी. पाणी पन्नासच्या वर गेलं की क्रॉफिश दगडांखालून बाहेर पडतात, आणि अंडी घालण्याआधी अंग भरायला निघालेले बॅस खोल पाण्यातून फाट्यांच्या आत सरकायला लागतात. त्यांच्या वाटेत उतारावरची जी टोकं लागतात, तिथं ते थांबतात. आजोबांनी एवढंच सांगितलं होतं, "मोठे धोंडे संपून बारीक खडी सुरू होते ती रेघ शोध." आदल्या वर्षी मला ती रेघ डोळ्यांनी काठावर शोधावी लागली असती. आता पंधरा फूट खाली ती बोटाला सापडत होती. ठक, ठक, ठक, आणि मग कुरकुर.

तलावाच्या वॉर ईगल फाट्याच्या बाजूला अशी एक रेघ मला मिळाली. जिग अर्ध्या औंसाची, तपकिरी, घागऱ्यात नारिंगी पट्ट्या. ओढणं सोडून आता छोट्या उड्या द्यायच्या. तिसऱ्या उडीनंतर जिग खाली पोचलीच नाही. दोरी आडवी चालायला लागली. मी झटका मारला, रॉड निम्मा वाकला, मासा एकदाच वर आला. एवढा मोठा जबडा मी माझ्या दोरीला कधी पाहिला नव्हता. डोकं हलवलं आणि दोरी सैल. गुंडाळून पाहिली तर गाठीच्या वर चार बोटांवर तुटलेली, टोक कुरतडल्यासारखं. सकाळपासून दगडांवर घासत होती आणि मी एकदाही तपासली नव्हती. दुसरं कोणतंही आमिष इतका वेळ दगडांत राहत नाही. जिगच्या दोरीचा शेवटचा हातभर भाग दर दहा-बारा फेकींनंतर दोन ओठांमधून ओढून बघावा. बोटाला न कळणारा खरखरीतपणा ओठाला कळतो. लागला तर तेवढी दोरी कापून पुन्हा गाठ मारायची, मासे लागत असले तरी. आजही हात शिवशिवत असताना थांबून गाठ मारणं मला सगळ्यांत अवघड जातं.

आठवड्यानं, तशाच दुसऱ्या टोकावर, दिवसभरात सातव्यांदा गाठ मारल्यानंतर मला या वर्षातला सर्वांत मोठा मासा मिळाला. लार्जमाऊथ बॅसची मादी, पाच पाऊंड दहा औंस. पोट अंड्यांनी तट्ट. गळ काढायला तोंड उघडलं तर घशातून क्रॉफिशच्या दोन लाल मिशा बाहेर आलेल्या, बाकीचा तो आत गेलेला. आधीचा घास उतरला नव्हता तरी तिनं जिग घेतली होती. मी खालचा जबडा अंगठ्यानं धरून दुसरा हात पोटाखाली दिला. एवढी जड मादी नुसत्या जबड्यावर आडवी लटकवली तर तिचा जबडा दुखावतो. वजन केलं, एक फोटो काढला आणि पाण्यात धरून ठेवली. शेपटीचा फटका माझ्या मनगटावर बसला आणि ती गेली.

त्या रात्री आईला फोटो पाठवला. तिनं विचारलं, "खायचा नाही तर धरतोस कशाला?" उजनीच्या काठावर मासा म्हणजे एखाद्या घरची चूल, त्यामुळे तिचा प्रश्न खरा आहे, आणि मी तो टाळत नाही. नियमात बसणारे लहान स्पॉटेड बॅस मी अधूनमधून घरी आणतो, कालवण करतो, चांगलं होतं. मोठ्या माद्या सोडतो, कारण पुढची पिढी त्यांच्या पोटात असते. पण खाणं हे मुख्य कारण नाही, हेही मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. मी वादही घातला नाही.

एप्रिलमध्ये पाणी साठच्या वर गेलं, जंगलात डॉगवूडची पांढरी फुलं आली, आणि मी तीन आठवडे रॉड ठेवून दिला. बॅसचा नर उथळ खडीत शेपटीनं झाडून ताटाएवढी जागा स्वच्छ करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण तो एकटा करतो. स्वच्छ पाण्यात ही घरटी वरून दिसतात. त्यात जिग टाकली की तो ती उचलून बाहेर नेतो. भूक नसताना, नुसती राखण म्हणून. मी एकदा, एकदाच, असा नर धरला. त्याला वर काढेपर्यंत आजूबाजूचे ब्लूगिल मासे घरट्यावर तुटून पडले होते. नर सोडल्यावर परत तिथंच आला, पण मधल्या मिनिटभरात जे खाल्लं गेलं ते गेलं. इथं हे कायद्यानं चालतं, चांगली माणसंही करतात. मला ते बघवलं नाही.

मे-जूनमध्ये मासे सावलीला जातात, म्हणजे बोटी बांधायच्या तरंगत्या धक्क्यांखाली. पाण्यापासून वीतभर उंचीच्या त्या फटीतून जिग आत घालायची, तर ती पाण्यावरून टप्पे घेत जायला हवी. लहानपणी चपट्या दगडानं भाकऱ्या काढायचो तीच मनगटाची हालचाल इथं कामाला आली. इथल्या मित्रांना महिनाभर जमत नव्हतं ते मला दुसऱ्या दिवशी जमलं. याचं श्रेय पूर्णपणे भीमेच्या पाण्याला.

जुलै-ऑगस्ट थोडक्यात. पाणी पंच्याऐंशीच्या वर, काठावर बोटींचा गोंगाट. तलाव थरांत विभागला जातो, वर गरम, खाली गार, आणि फार खाली प्राणवायू उरत नाही. म्हणून बॅस मधल्या सीमेजवळ, वीस-पंचवीस फुटांवर. इथं आडव्या डोक्याची पाऊण औंसाची फुटबॉल जिग लागते, जी दगडांवरून लोळते पण फटीत सहज शिरत नाही. माशांसाठी मुद्दाम बुडवलेल्या झाडांमध्येही ते बसतात. इथं नाताळ झाला की लोक घरातली झाडं जमा करतात आणि ती वजन बांधून तलावांत सोडली जातात. मी रात्री जायचो. काळ्या रंगाची जिग, दिवा बंद, अंधारात फक्त बोट. हिवाळ्यात जे शिकलो त्यावरच हा उन्हाळा निभावला.

सप्टेंबरनंतर मात्र मला जिगची बाजू घेता येणार नाही. शॅड मासळीचे थवे फाट्यांच्या आत शिरतात आणि बॅस तळ सोडून त्यांच्यामागे वर येतात. पांढरी, पोहणारी जिग मधल्या पाण्यातून ओढून काही मासे मिळाले, पण फळीवरचा क्रँकबेट कितीदा तरी आठवला. ज्याला पोटापुरते मासे हवेत त्यानं शरद ऋतूत जिगचा हट्ट धरू नये.

वर्ष संपत आलं तेव्हा आई इथं आली होती. तिच्या नावानं थोड्या दिवसांचा परवाना काढला आणि ऑक्टोबरच्या एका सकाळी तिला माँट नी म्हणतात तिथं घेऊन गेलो. १९०१ साली हार्वी नावाच्या गृहस्थानं तिथं मोठं विश्रामस्थान उभारलं होतं. पुढं १९३२ साली तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीलाही उभा होता. त्यानं बांधलेलं एक काँक्रीटचं प्रेक्षागृह धरणात बुडालं, पाणी फार उतरलं तरच वर दिसतं. त्या दिवशी पाणी भरपूर होतं, काही दिसत नव्हतं, आणि मी तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. घडीच्या खुर्चीवर शाल लपेटून ती बसली. मी जिग फेकली, रॉड तिच्या हातात दिला आणि तिची तर्जनी दोरीखाली ठेवली. "आता हळू ओढ."

ती ओढत राहिली. आईचं लहानपण जुन्या पळसदेवला गेलं, जे उजनीत बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेव्हा ती अजूनही बघायला जाते. तीन-चार वेळा दोरी आली. पाचव्या वेळी ती थांबली, पुन्हा थोडं ओढलं, पुन्हा थांबली. जिग कुठल्याशा कडेवरून घसरून खाली पडत होती, सारख्याच अंतरानं.

"हे दगूड न्हाईत रं," ती म्हणाली. "पायऱ्या हाईत."